यादी घेऊन जेवणारे पाहुणे

अतिथीला देव मानण्याची आपली रीत जुनी आहे. पण देवाने आपल्या नैवेद्याची यादी स्वतःच बरोबर घेऊन यावे, ही रीत मात्र अगदी अलीकडची. पुण्या-मुंबईहून इंदुरास येणारा आजचा मराठी पाहुणा स्टेशनावर उतरतो तोच मुळी मोबाइलमध्ये दहा दुकानांची नावे साठवून. सकाळी पोहे अमक्याकडे, दुपारी कचोरी तमक्याकडे, रात्री दहाच्या सुमारास सराफा. तेथे दहीवडा, भुट्ट्याचा कीस, गराडू, खोपरा पॅटीस, साबुदाण्याची खिचडी, मावाबाटी आणि शेवटी ताटलीएवढा जलेबा. दुसऱ्या दिवशी छप्पन दुकान, की झाले इंदूर खाऊन! मग हे गृहस्थ परतीच्या गाडीत बसून निकाल देतात. कोणी म्हणतो, इंदूरसारखे खाणे त्रिभुवनात नाही. कोणी म्हणतो, कीर्ती फार ऐकली होती, पण तितकेसे काही नाही. आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही निकाल सारखेच निरर्थक होत. ज्याने दोन तासांत आठ पदार्थ पोटात ढकलले, त्याच्या जिभेने आठव्या पदार्थाविषयी दिलेली साक्ष कोणते न्यायालय ग्राह्य मानील?

'इंदुरात चांगले कोठे मिळते?' हा प्रश्न या शहरातील प्रत्येक मराठी कुटुंबाला वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न निरुपद्रवी दिसतो. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाला मिळालेले उत्तर बहुधा चुकीचेच असते. खाण्याची खरी आवड असलेल्या शहरात 'कोठे' हा प्रश्न दुय्यम असतो. तेथे आधी 'केव्हा' हे विचारावे लागते, मग 'काय', आणि त्यानंतर 'कोठे'. हा क्रम उलटा केला की हाती फक्त दुकानांच्या पाट्या लागतात.

इंदूरचा दिवस पाहा. सकाळी ठिकठिकाणी पाण्याचे मोठे भांडे उकळत असते आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची परात बसविलेली असते. इंदूरचे पोहे फोडणी देऊन कढईत संपत नाहीत. ते वाफेवर राहतात, म्हणून मऊ असतात. त्यांत बडीशेप असते, किंचित गोडी असते. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जीरावन. हे जीरावन म्हणजे माळव्याचा खास मसाला. बाजूला जिलेबी तळली जात असते. कामावर निघालेला माणूस उभ्या उभ्या एक ताटली संपवितो आणि जातो. हे खाणे सकाळचे आहे. वाफेवर तासन् तास बसून राहिलेले तेच पोहे लगदा होतात. म्हणजे एकाच परातीत सकाळी उत्तम आणि दुपारी सामान्य असे दोन पदार्थ निपजतात. यादीत मात्र दुकानाचे नाव तेवढे असते. यादीवर विसंबून साडेअकरा वाजता उठणारा पाहुणा त्याच दुकानात जातो आणि इंदूरच्या पोह्यांवर मत बनवून मोकळा होतो.

दाल-बाफल्यांचेही तेच. बाफला म्हणजे बाटी नव्हे. जाडसर कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि फोडून तुपात बुडवितात; सोबत डाळ, कढी, चटणी आणि लाडू. हे सुटीच्या दिवसाचे, चार माणसांच्या पंगतीचे, दुपारचे जेवण आहे. त्यानंतर दोन तास आडवे व्हावे लागते. संध्याकाळच्या गाडीची तिकिटे खिशात ठेवून, घड्याळाकडे पाहत दोन बाफले खाणाऱ्यास त्यांत जडपणाखेरीज काय सापडणार?

आणि सराफा? दिवसा ती सोन्याचांदीची पेठ आहे. राजवाड्याच्या मागील बाजूस असलेल्या या गल्लीतील पेढ्या रात्री बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांचे ठेले मांडले जातात. ते मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. रात्री रस्त्यावर वर्दळ राहिली तर पेढ्यांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनी हा बाजार वाढू दिला, असे जुने लोक सांगतात. पण इंदूरकर सराफ्यात जातो तो घरी जेवून, हात धुऊन! तो तेथे रात्रीचे जेवण करावयास जात नाही. चार पावले चालावीत, ओळखीचे दोन चेहरे भेटावेत आणि एखादा पदार्थ तोंडात टाकावा, यासाठी जातो. सराफा हा जेवणानंतरचा विडा आहे. त्याचेच जेवण करणाऱ्यास अजीर्ण झाले तर दोष विड्याचा नव्हे.

घड्याळानंतर पंचांग येते. माळव्यात कोवळा मका येतो तो पावसाळ्यात. तो किसून, तुपावर हिंग-जिऱ्या-मिरचीची फोडणी करून, दूध घालून शिजविला की भुट्ट्याचा कीस होतो. 'कीस' हा शब्द समजण्यासाठी मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही, ही गोष्ट येथे जाता जाता ध्यानात घ्यावी. गराडू हा कोनफळाच्या कुळातील कंद. तो थंडीत येतो. त्याचे तुकडे तळून, ऐन वेळी पुन्हा कुरकुरीत तळून, लिंबू आणि जीरावन घालून देतात. ओल्या वाटाण्याला इकडे बटला म्हणतात. त्याची कचोरीही हिवाळ्यातलीच. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय दिला आहे. प्रसिद्ध दुकानांना दिलेला नाही. यादी मात्र बारमाही असते. चैत्रात आलेला पाहुणा तीवर बोट ठेवून कीस मागतो, आणि मागणारा आहे म्हणून देणाराही निघतो. मग जून, पिठूळ, कोठूनतरी आणलेला मका किसला जातो, त्याची गोडी भरून काढण्यासाठी साखर पडते, आणि पाहुणा तृप्त होऊन छायाचित्र काढतो. बिघाडाचे मूळ येथे आहे.

हा बिघाड कसा होतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण आमचा वाद पाहुण्यांच्या शिष्टाचाराशी नाही, एका शहराच्या चवीशी आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला सरळ ठेवणारी शक्ती कोणती? सरकारी निरीक्षक नव्हे, वर्तमानपत्रातील स्तुतीही नव्हे. ती शक्ती म्हणजे रोजचे गिऱ्हाईक. जो माणूस वीस वर्षे एकाच ठेल्यावर कचोरी खातो, त्याला तेल बदलले की पहिल्या घासात कळते. तो भांडत नाही. दुसऱ्या दिवशी चार पावले पुढे जाऊन शेजारच्या ठेल्यावर उभा राहतो. विक्रेता त्याची पाठ पाहतो आणि तेल बदलतो. पाहुण्याचे तसे नाही. तो एकदा येतो आणि पुन्हा येणार नाही, हे विक्रेत्यास पक्के ठाऊक असते. तो नाराज झाला तरी उद्या त्याच्या जागी त्याच्यासारखेच दुसरे पन्नास उभे राहणार आहेत, कारण यादी तीच आहे. ज्या दुकानात नित्याचे गिऱ्हाईक कमी आणि एकवारचे अधिक, तेथे पदार्थ चांगला ठेवण्याचे व्यावहारिक कारणच उरत नाही. उरते ती केवळ मालकाची सदसद्विवेकबुद्धी. ती पुष्कळांजवळ असते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु एका शहराची चव केवळ दुकानदारांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडून देणे, हे त्या दुकानदारांवरही अन्यायाचे आहे.

कोणी म्हणेल, यादी वाईट कशी? हजारो लोकांनी तारे देऊन बनविलेली ती लोकशाहीची पावती आहे. या युक्तिवादाचे उत्तर सोपे आहे. एकेकदा खाल्लेले हजार लोक आणि हजार वेळा खाल्लेला एक माणूस, यांची साक्ष सारखी नसते. पहिल्यांत गर्दी किती होती, बसावयास जागा होती की नाही, छायाचित्र कसे आले, एवढेच कळते. पदार्थ काल कसा होता आणि आज कसा आहे, हे फक्त दुसरा सांगू शकतो.

शिवाय या यादीचे कुळ तरी पाहावे! खाण्याच्या ठिकाणांना तारे देण्याची जी सर्वांत प्रसिद्ध परंपरा आहे ती फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीने घातली. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोकांनी गाड्या दूरवर हाकाव्यात, म्हणजे टायर झिजावेत आणि नवे खपावेत, हा त्यातला सरळ व्यापारी हिशेब होता. उपाहारगृहांना तारा देणे १९२६ साली सुरू झाले. तरीही त्या टायरवाल्यांनी एक पथ्य सांभाळले: त्यांचे परीक्षक ओळख लपवून जातात आणि स्वतःच्या ताटाचे पैसे देतात. आमच्याकडील हल्लीचे खाद्यसमीक्षक कॅमेरा पुढे करूनच दुकानात शिरतात, मालक त्यांना गल्ल्याशेजारी बसवितो, आणि पैसे घेण्याचा प्रश्न बहुधा निघत नाही. टायर विकणाऱ्यांनी जे पाळले ते यांना पाळवत नाही. मग यांच्या याद्यांना आम्ही प्रमाणग्रंथ का मानावे?

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. सराफ्याच्या गल्लीत हल्ली मोमो आहेत, नूडल्स आहेत, पेटता विडा तोंडात घालण्याचा तमाशा आहे. दहीवडा हवेत उडवून झेलण्याची एका जुन्या विक्रेत्याची हौस ही त्याची स्वतःची लकब होती. आज जो तो काहीतरी उडवू पाहतो, कारण उडालेल्या वस्तूचे छायाचित्र निघते, दह्याच्या आंबटगोडपणाचे निघत नाही. गर्दी इतकी वाढली की २०२५ साली खुद्द सराफा व्यापाऱ्यांनीच हा बाजार येथून हलवावा, अशी मागणी केली. अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या आणि माणसांचा लोंढा यांमुळे आगीचे भय आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंपरागत पदार्थांचे ठेले तेवढे ठेवावेत, असाही विचार त्या वेळी पुढे आला. ज्या पेढ्यांच्या ओट्यावर हा बाजार वाढला त्यांच्याच मालकांना तो नकोसा व्हावा, याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? आणि असा बाजार उठलाच, तर पाहुण्याचे काही जात नाही. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या शहराची यादी काढील. जाईल ते येथल्या विक्रेत्याचे पोट आणि येथल्या माणसाची रात्र.

आता महाराष्ट्रातील बांधवांस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. यादीवाल्यांपेक्षाही अवघड असा पाहुण्यांचा एक वर्ग आहे. तो स्वतःच्या घरचे माप बरोबर आणतो. 'पोहे तर आमचेच. तुम्ही त्यांत बडीशेप घालून त्यांची वाट लावली,' असे हा वर्ग आमच्याच ओट्यावर बसून आम्हांस ऐकवितो. शिकंजी मागवितो आणि लिंबाच्या सरबताऐवजी सुक्या मेव्याचे दाट दुधाळ पेय पुढे आले की फसविल्यासारखा चेहरा करतो. आमचा प्रश्न एवढाच: 'आमचे पोहे' म्हणजे नेमके कोणाचे? नागपूरचा माणूस पोह्यांवर झणझणीत तर्री ओततो. कोकणातील माणूस दडपे पोहे करतो, त्यांना आच लागतच नाही. हे दोघे मराठी की नव्हेत? होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे माळव्यात नांदत आहेत. त्यांनी येथे उसळ आणली, साबुदाण्याची खिचडी आणली. माळव्याने त्यांवर शेव आणि जीरावन पेरले. खिचडी येथे वाफेवर ठेवतात आणि गिऱ्हाईक समोर आले की मसाला, लिंबू व फराळी चिवडा घालून कालवून देतात. उपवासाच्या पदार्थाने रात्री बाराला बाजारात उभे राहावे, हे पुण्याच्या शास्त्रात बसत नसेल. पण पदार्थाला आयुष्य मिळते ते असेच, दुसऱ्याच्या हाती गेल्याने. भाषेचेही तसेच असते. इंदूरच्या मराठीत हिंदीची छटा आहे म्हणून नाक मुरडणारे आणि पोह्यांत बडीशेप आहे म्हणून नाक मुरडणारे बहुधा एकच लोक असतात.

येथे आमचे दुःख खाण्याच्या पलीकडे जाते. १९१७, १९३५ आणि २००१ या साली मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरले. मराठी पाहुणा या शहराला नवा नाही. पण आजचा पाहुणा पहाटे येतो, यादीवर खुणा करीत फिरतो आणि दुसऱ्या रात्री जातो. येथे एक अख्खा मराठी समाज राहतो, वाचतो, नाटके करतो, याची त्याला दादही नसते. ज्या रस्त्यावर तो खात असतो, त्याच रस्त्यावर त्याची भाषा बोलणारा माणूस त्याच्या शेजारी उभा असतो. त्याला एकदा विचारले असते, तर दहा याद्यांत न सापडणारे उत्तर मिळाले असते. यंत्र माणसापेक्षा भरवशाचे वाटू लागणे, हे पाहुण्याच्याही नुकसानीचे आहे.

आमच्या इंदूरकर बंधूंनाही आम्ही सोडणार नाही. पाहुणा आला की त्याला मोटारीत घालून थेट सराफ्यात नेणे आणि 'हे खाऊन पाहा, तेही खाऊन पाहा' म्हणत त्याचा घास संपण्याच्या आत दुसरा पुढे करणे, याला ते आतिथ्य म्हणतात. हे आतिथ्य नव्हे, शहराचे प्रदर्शन आहे. स्वतः ज्या कोपऱ्यावर रोज सकाळी पोहे खातात, तेथे पाहुण्याला नेण्याची त्यांना लाज वाटते. कारण त्या कोपऱ्याचे नाव कोणाच्या मोबाइलमध्ये नाही. आपल्या नित्याच्या गोष्टीची लाज वाटू लागली की ती गोष्ट टिकत नाही.

आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. 'मला एकच दिवस आहे. मी पंचांग पाहत बसू काय?' अवश्य पाहू नये; पण एका दिवसात दहा ठिकाणे करण्यापेक्षा तीन करावीत. 'रस्त्यावरचे खाणे बाधले तर?' हा आक्षेप रास्त आहे, आणि येथे प्रमाणपत्राचा खरोखर उपयोग आहे. स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा पहिले आले, त्यांपैकी २०२३ चा मान सुरतेबरोबर वाटून मिळाला. छप्पन दुकानाला अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यपथ म्हणून मान्यता दिली. या गोष्टी मोलाच्या आहेत. पण त्या पोटाची हमी देतात, जिभेची देत नाहीत. ताटली स्वच्छ आहे याचा अर्थ पदार्थ चवदार आहे असा करणे, हे अक्षर सुवाच्य आहे म्हणून कविता चांगली मानण्यासारखे आहे.

मग करावे काय? टीका करणाऱ्याने वाट दाखविली पाहिजे, हा नियम आम्हांस मान्य आहे. नव्या शहरात चांगले खाणे शोधणाऱ्याने सकाळी लवकर उठावे आणि मुक्कामापासून पायी निघावे. ज्या ठेल्यावर लोक आपसांत बोलत, न पाहता पैसे देत, विक्रेत्याने न विचारताच आपापली ताटली घेत असतील, तेथे थांबावे. ते नित्याचे गिऱ्हाईक होय. ज्या ठिकाणी सगळे पाटीकडे पाहत असतील, तेथून पुढे जावे. जेथे दोन-तीनच पदार्थ होतात ते ठिकाण, जेथे साठ होतात त्यापेक्षा पसंत करावे. 'तुमच्याकडे प्रसिद्ध काय?' असे विचारू नये. 'आज ताजे काय?' असे विचारावे, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला 'तुम्ही स्वतः कोठे खाता?' हे विचारावे. या प्रश्नाने इंदूरकर माणूस जितका खुलतो तितका दुसऱ्या कशाने खुलत नाही. एका वेळी एकच पदार्थ घ्यावा, तो संपेपर्यंत दुसऱ्याचा विचार करू नये, आणि आवडला तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तेथेच जावे. दुसऱ्यांदा गेलेला पाहुणा हा एका दिवसापुरता का होईना, नित्याचा गिऱ्हाईक होतो; विक्रेता त्याला ओळखतो, आणि त्याच्या ताटलीत शेव थोडी अधिक पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्धे इंदूर न खाताच परत जावे. श्रावणात आलात तर कीस खा आणि गराडूचे नाव काढू नका. मार्गशीर्षात आलात तर गराडू खा आणि कीस मागू नका. नसलेला पदार्थ मागणारे गिऱ्हाईक नाहीसे झाले, तर तो खोटा करून विकणारा दुकानदारही नाहीसा होईल. राहिलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा यावे लागेल, ही तक्रार कोणी करू नये. तेवढ्यासाठीच तर आम्ही येथे आहोत.